मोहम्मद अबू त्रेका: निवृत्तीनंतरही २२व्या मिनिटाला त्याचं नाव का घुमतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इजिप्तच्या या मिडफिल्डरने डिसेंबर २०१३मध्ये बूट काढून ठेवले. त्याच्याबद्दलची विचारणा मात्र अजून थांबलेली नाही. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत; सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अबू त्रेका कोण, हे थोडक्यात सांगाल का? इजिप्तच्या फुटबॉलपटूंपैकी मी फक्त मोहम्मद सालाहला ओळखतो.

मोहम्मद अबू त्रेकाचा जन्म ७ नोव्हेंबर १९७८चा, कैरोला लागून असलेल्या गिझा प्रांतातल्या नाहिया गावातला. कैरो विद्यापीठातून त्याने तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. फुटबॉलची सुरुवात तरसाना या जुन्या क्लबात झाली आणि जानेवारी २००४मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो कैरोच्या अल अहली क्लबात आला. पुढची जवळजवळ दहा वर्षं तो तिथेच होता. मध्ये २०१३च्या पूर्वार्धात संयुक्त अरब अमिरातीच्या बनी यास क्लबाकडून उसना खेळला, तेवढाच खंड. अल अहलीबरोबर आफ्रिकन चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली (२००५, २००६, २००८, २०१२, २०१३) आणि इजिप्तबरोबर आफ्रिका कप दोनदा (२००६, २००८). पाठीवर क्रमांक २२. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

२. नाव नेमकं कसं म्हणायचं? अबुट्रिका, अबूत्रैका, की आणखी काही?

इजिप्तमध्ये 'अबू त्रेका' म्हणतात. 'त्रे' लांबवायचा, जोर तिथेच. लाडाने नुसतं 'त्रेका'. रोमन लिपीत या नावाची चार-पाच स्पेलिंग्ज फिरतात, म्हणून जुने सामने शोधताना निम्मे व्हिडिओ हाती लागत नाहीत. मोबाइलवर अरबी कीबोर्ड चालू करा आणि अलिफ, बा, वाव ही तीन अक्षरं टाइप करा. मग जागा सोडून ता, रा, या, काफ आणि शेवटी ता मर्बूता (वर दोन ठिपके असलेलं गोल अक्षर). शेवटी साधं 'हा' टाकलंत तरी बहुतेकदा चालतं, कारण इजिप्तमधले कितीतरी लोक स्वतःच तसं लिहितात.

टोपणनावं दोन ऐकू येतील: 'अल माजिको', म्हणजे जादूगार, आणि 'अमीर अल कुलूब', म्हणजे हृदयांचा राजकुमार.

३. त्याला मिडफिल्डर म्हणतात, पण गोल तर स्ट्रायकरसारखे केलेत. तो खेळायचा कुठे?

दोन स्ट्रायकरच्या मागे, मोकळा. अल अहलीचे पोर्तुगीज प्रशिक्षक मनुएल जोसे मागे तीन बचावपटू ठेवत, मध्ये चार, पुढे दोन, आणि या चार व दोनच्या मधल्या पट्ट्यात अबू त्रेका. पुढे अंगोलाचा फ्लाव्हियो आणि इमाद मोतएब असत. मोहम्मद बरकात धावून जागा उघडी करायचा. राष्ट्रीय संघात प्रशिक्षक हसन शहाता यांची रचनाही याच वळणाची होती.

वेग हे त्याचं बलस्थान नव्हतं. त्याची कमाई चेंडू यायच्या आधीची. बहुतेक व्हिडिओ पाहणारे चेंडूकडे बघतात आणि मग 'पास तर साधाच होता' असं लिहून पाठवतात. एकदा चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना तो एकदा खांद्यावरून मागे नजर टाकतो, दोन पावलं बाजूला सरकतो, आणि चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात पुढे सोडतो. बचावपटूला अंगावर यायला वेळच मिळत नाही. टाचेने मागे दिलेले पास दिखाव्याचे वाटतात खरे, पण मागून कोण येतंय हे त्याने आधीच पाहिलेलं असायचं.

हे बिघडायचं कधी? प्रतिस्पर्ध्याने मधल्या पट्ट्यात दोन बचावात्मक मिडफिल्डर एकमेकांना चिकटून उभे केले की त्याला चेंडूसाठी खूप मागे यावं लागे. तिथून गोल फार लांब पडतो.

४. ज्या गोलांची लोक आजही आठवण काढतात, ते कोणते?

पहिली आठवण १० फेब्रुवारी २००६ची. कैरोत आफ्रिका कपाची अंतिम फेरी, समोर द्रोग्बाचा आयव्हरी कोस्ट. जादा वेळ संपला तरी ०-०. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक इसाम अल हदरीने द्रोग्बाचीही पेनल्टी अडवली, आणि विजयाची पेनल्टी अबू त्रेकाने मारली. निकाल ४-२.

त्याच वर्षीचा ११ नोव्हेंबर. ट्युनिशियातल्या रादेसचं मैदान, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना, समोर सफाक्स शहराचा क्लब. कैरोतला पहिला सामना १-१ सुटला होता, म्हणजे इथे ०-० झालं तरी कप सफाक्सचा, कारण बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ जिंकायचा. नव्वद मिनिटं झाली, ०-०च. गॅलरीत जल्लोष सुरू झालेला. नव्वद मिनिटांवर जोडलेल्या भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मागून एक लांब चेंडू आला, फ्लाव्हियोने तो डोक्याने वळवला आणि पेनल्टी क्षेत्राबाहेर उभ्या अबू त्रेकाने तो डाव्या पायाने थेट जाळ्यात मारला. तो उजव्या पायाचा खेळाडू. चेंडू उजव्या पायावर घ्यायला अर्धा सेकंद लागला असता आणि तेवढ्यात बचावपटू अंगावर आला असता. अल अहलीच्या चाहत्याला झोपेतून उठवून विचारलं तरी हा गोल तो हातवाऱ्यांसकट सांगेल.

मग १० फेब्रुवारी २००८. हो, तारीख तीच. छपाईची चूक नाही. घानातल्या अक्रात आफ्रिका कपाची अंतिम फेरी, समोर कॅमेरून. ७७व्या मिनिटाला रिगोबेर सोंग हा अनुभवी बचावपटू चेंडू अंगाआड धरून वेळ काढायला गेला. मोहम्मद झिदानने तो सोडला नाही, दोघंही घसरले, आणि झिदानने पडल्या पडल्याच चेंडू मध्ये ढकलला. अबू त्रेका तिथे हजर होता. १-०. कप पुन्हा इजिप्तकडे. या गोलाचं श्रेय झिदानला जास्त द्यायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अबू त्रेकाचं काम एकच होतं: झटापट चालू असताना थांबून न बघता धावत राहणं. ते त्याने केलं.

याशिवाय १७ डिसेंबर २००६ला जपानमध्ये क्लब वर्ल्ड कपात मेक्सिकोच्या अमेरिका क्लबाविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. २-१ने अल अहली तिसरी आली आणि तीन गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर लागले. आणि २०१३ची चॅम्पियन्स लीग, वयाच्या पस्तिशीत: ऑर्लंडो पायरेट्सविरुद्धच्या अंतिम फेरीत दोन्ही सामन्यांत त्याचा एकेक गोल.

५. झमालेक म्हणजे अल अहलीचे हाडवैरी. मग झमालेकचे कितीतरी चाहतेही त्याला का मानतात?

कारण वरचे दोन आफ्रिका कप सगळ्या देशाचे होते. पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांवरून घरात भांडणं होत असतील, पण १० फेब्रुवारीला रस्त्यावर उतरताना कोणी अहलीवाला-झमालेकवाला पाहिलं नाही. दुसरं कारण वागण्याचं. डर्बीत, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्यात, गोल केला तरी त्याने समोरच्या गॅलरीला डिवचलं नाही. गोलनंतर गुडघे टेकून कपाळ गवताला लावणं ही त्याची आणि त्या संघातल्या इतरांचीही सवय. त्यावरून त्या इजिप्त संघाला 'सजदा करणारा संघ' असं नावच पडलं. तिसरं कारण प्रश्न ७मध्ये आहे आणि ते सगळ्यांत वजनदार आहे.

६. गाझाचा टी-शर्ट त्याने कधी दाखवला? त्यासाठी त्याच्यावर बंदी आली होती ना?

बंदी नाही, पिवळं कार्ड. २६ जानेवारी २००८, घानातलं कुमासी, आफ्रिका कपाचा साखळी सामना, समोर सुदान. इजिप्त ३-० जिंकला, त्यातले दोन गोल त्याचे. गोल केल्यावर त्याने जर्सी वर उचलली. आतल्या पांढऱ्या बनियनवर गाझाबद्दल सहानुभूतीचा मजकूर अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता. पंचांनी कार्ड दाखवलं, आफ्रिकन फुटबॉल महासंघाने ताकीद दिली.

तारीख महत्त्वाची आहे. गाझाची नाकेबंदी तेव्हा नुकतीच आणखी आवळली होती, आणि सामन्याच्या तीनच दिवस आधी रफाहला सीमेची भिंत फोडून हजारो लोक इजिप्तमध्ये शिरले होते. म्हणजे ज्या बातमीवर प्रत्येक अरब घरात बोलणं चाललं होतं, तीच त्याने अंगावर घातली. त्या दिवसापासून त्याला ओळखणाऱ्यांत फुटबॉल न पाहणारेही आले, आणि इजिप्तच्या बाहेर मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे लोक आले.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'पॅलेस्टाइन' असा शब्द दाखवून दंड भरलेला खेळाडू म्हणजे सेव्हियाचा फ्रेडरिक कानुते, जानेवारी २००९मधला. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे प्रसंग.

७. पोर्ट सईदला काय झालं, आणि त्याचा अबू त्रेकाशी काय संबंध?

१ फेब्रुवारी २०१२. पोर्ट सईद शहरात तिथल्या अल मसरी क्लबाने अल अहलीला ३-१ हरवलं आणि शिट्टी वाजताच मसरीच्या बाजूचा जमाव मैदान ओलांडून अहलीच्या गॅलरीवर चालून गेला. बाहेर पडायचं दार बंद होतं. ७४ माणसं गेली. (काही ठिकाणी ७२ आकडा दिसतो, अल अहली आपले म्हणून ७२ चाहत्यांचं स्मरण करते, त्यामुळे हा फरक.) जखमींना उचलून अहलीच्या ड्रेसिंग रूममध्ये आणलं गेलं. काहींनी तिथेच, खेळाडूंच्या समोर प्राण सोडले. त्यातल्या एका मुलाने आपल्यापाशीच प्राण सोडले, त्याला आपल्याला भेटायचं होतं, असं अबू त्रेकाने नंतर सांगितलं.

त्याने, बरकातने आणि मोतएबने लगेच निवृत्ती जाहीर केली. पुढे ती मागे घेतली. पण खरी कसोटी सप्टेंबरात आली. दोषींना शिक्षा होण्याआधी देशातलं फुटबॉल सुरू करू नका, ही मृतांच्या कुटुंबांची आणि अल्ट्राज म्हणजे संघटित चाहत्यांची मागणी होती. अल अहलीने इजिप्शियन सुपर कप खेळायचं ठरवलं. संघात एकट्या अबू त्रेकाने खेळायला नकार दिला. क्लबाने त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित केलं, दंड ठोठावला, कर्णधारपद काढून घेतलं.

त्याची लोकप्रियता का टिकली, याचं एकच उत्तर द्यायचं तर आम्ही हेच देऊ. गोल सगळे मोठे खेळाडू करतात. आपल्याच क्लबाविरुद्ध, आपल्याच खिशाला चाट लावून, मेलेल्या चाहत्यांच्या बाजूने उभं राहणारा खेळाडू चाहत्यांनी क्वचित पाहिलेला असतो. झमालेकच्या अल्ट्राजनाही ते कळलं. फेब्रुवारी २०१५मध्ये कैरोतल्या हवाई संरक्षण दलाच्या स्टेडियमबाहेर त्यांचेही वीस लोक चेंगराचेंगरीत गेले.

८. इतका मोठा खेळाडू वर्ल्ड कप एकदाही का खेळला नाही?

दोनदा दारातून परत आला. पहिली वेळ २००९. जूनमध्ये कॉन्फेडरेशन्स कपात इजिप्तने ब्राझीलला ४-३पर्यंत रडवलं आणि जगज्जेत्या इटलीला १-० हरवलं होतं, म्हणजे संघ ऐन भरात होता. वर्ल्ड कपच्या पात्रता गटात १४ नोव्हेंबरला कैरोत अल्जीरियाला २-० हरवल्यावर दोघांचं सगळं गणित सारखं झालं. म्हणून चार दिवसांनी सुदानमधल्या ओम्दुर्मानला, तटस्थ मैदानावर एकच निर्णायक सामना. अंतर याह्याचा गोल, अल्जीरिया १-०.

दुसरी वेळ २०१३. प्रशिक्षक बॉब ब्रॅडली यांच्या इजिप्त संघाने गटातले सहाच्या सहा सामने जिंकले. शेवटच्या टप्प्यात घाना आला आणि कुमासीत ६-१ असा धुव्वा उडाला. इजिप्तचा एकमेव गोल अबू त्रेकाचा, पेनल्टीवर. कैरोतला २-१चा विजय कामाचा नव्हता. पात्रता फेरीची ही पद्धतच अशी होती, की गटात शंभर टक्के गुण मिळवूनही एका वाईट संध्याकाळीत सगळं संपायचं.

चाहत्यांच्या मनात याने त्याचं स्थान खाली आलं नाही. उलट 'त्याला द्यायचं राहून गेलं' ही हळहळ कायमची राहिली.

९. युरोपात न खेळलेला खेळाडू जागतिक दर्जाचा कसा मानायचा?

मानायचा की नाही, हे तुम्ही प्रश्न ४मधले सामने बघून ठरवा. इथे मुद्दा लोकप्रियतेचा आहे, आणि युरोपात न जाणं तिच्या पथ्यावरच पडलं. बाहेर गेलेला खेळाडू घरच्यांना टीव्हीवर दिसतो, मधूनमधून. अबू त्रेका दर आठवड्याला कैरोत दिसायचा, तिकीट काढून बघता यायचा. त्याचं नाव झालं तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीसचा होता. त्या वयात आफ्रिकेतल्या लीगमधून खेळाडू उचलायला युरोपातले क्लब सहसा तयार होत नसत.

१०. तो दहशतवाद्यांच्या यादीत आहे असं वाचलं. म्हणजे त्याला शिक्षा झाली आहे का?

या प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून क्रमाने. २०१२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याने मोहम्मद मोर्सी यांना उघड पाठिंबा दिला. २०१३मध्ये लष्कराने मोर्सींना हटवलं आणि त्यांच्या मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेवर बंदी आली. मे २०१५मध्ये ब्रदरहूडची मालमत्ता जप्त करणाऱ्या सरकारी समितीने अबू त्रेकाची मालमत्ता गोठवली. तो भागीदार असलेल्या एका प्रवासी कंपनीतून ब्रदरहूडला पैसा जातो, असा आरोप होता. त्याने तो नाकारला. जानेवारी २०१७मध्ये कैरोच्या फौजदारी न्यायालयाने त्याचं नाव पंधराशेहून जास्त लोकांबरोबर दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. तो तेव्हा देशाबाहेर होता आणि त्यानंतर कतारमध्ये राहिला. प्रकरण पुढे वर्षानुवर्षं वरच्या न्यायालयांत फिरत राहिलं.

यादी म्हणजे शिक्षा नव्हे. २०१५च्या कायद्याखाली सरकारी वकील अर्ज करतात आणि न्यायालय ठरावीक मुदतीसाठी नाव घालतं; त्यासाठी आधी खटला चालून गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. परिणाम मात्र कडक असतात: मालमत्ता गोठते, प्रवासावर बंदी येते, परत आलं की अटक होऊ शकते. फेब्रुवारी २०१७मध्ये त्याचे वडील गेले, तेव्हा तो अंत्ययात्रेला जाऊ शकला नाही.

मोर्सींना दिलेल्या पाठिंब्यावरून त्याच्यावर आजही रागावलेले इजिप्शियन आहेत, आणि कमी नाहीत. 'सगळा देश त्याच्या बाजूने' असं लिहिणारे ते विसरतात.

११. मग २२व्या मिनिटाचं काय प्रकरण आहे?

२०१९चा आफ्रिका कप इजिप्तमध्ये झाला. २१ जूनला झिम्बाब्वेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात घड्याळ २२व्या मिनिटावर आलं आणि कैरोच्या स्टेडियममधून त्याच्या नावाचा घोष सुरू झाला. तो स्वतः त्या वेळी देशात पाऊलही ठेवू शकत नव्हता. बॅनर आत नेताना तपासले जातात, टी-शर्टवरचं नाव काढायला लावता येतं. आकडा कोण काढणार? प्रत्येक सामन्यात बाविसावं मिनिट येतंच.

१२. अबू त्रेका मोठा की सालाह?

कर्तृत्वाची बेरीज केली तर सालाह, आणि त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण इजिप्तच्या संघाबरोबर सालाहला आफ्रिका कप जिंकता आलेला नाही आणि अबू त्रेकाने तो दोनदा निर्णायक गोल-पेनल्टीने मिळवून दिला, म्हणून घरच्या गप्पांत तराजू हलत राहतो. दोघं २०११ ते २०१३ या काळात एकत्र खेळले. जून २०१३चा झिम्बाब्वेविरुद्धचा ४-२चा पात्रता सामना मिळाला तर अवश्य बघा: सालाहची हॅटट्रिक, उरलेला एक गोल अबू त्रेकाचा. एक पिढी दुसरीच्या हाती सूत्रं देताना त्यात अगदी उघड दिसते.

अल अहलीतली तुलना हवी असेल तर ती महमूद अल खतीबशी करावी. तो १९८३चा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू आणि पुढे क्लबाचा अध्यक्ष.

१३. समलैंगिकांबद्दल तो काय बोलला होता? त्यावर तुम्ही गप्प का?

गप्प नाही. २०२१च्या अखेरीस इंग्लिश प्रीमियर लीगने समलैंगिकांना पाठिंबा म्हणून इंद्रधनुषी बूटबंदांची मोहीम चालवली, तेव्हा कतारच्या बीइन स्पोर्ट्सवर विश्लेषक म्हणून बोलताना त्याने समलैंगिकतेला धर्माविरुद्ध आणि निसर्गाविरुद्ध म्हटलं आणि मुस्लिम खेळाडूंनी त्या सामन्यांपासून दूर राहावं असं सुचवलं. युरोपात त्यावर जोरदार टीका झाली. अरब जगात मात्र मोठ्या वर्गाने त्याला पाठिंबा दिला, म्हणजे तिथे त्याची लोकप्रियता घटली नाही. आमच्या मते ते बोलणं माणसांना दुखावणारं होतं आणि चुकीचं होतं. त्याचे गोल आणि पोर्ट सईदचा नकार सांगताना हेही सांगितलंच पाहिजे.

१४. पुरस्कार किती? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात.

दोन पुरस्कार एकमेकांत मिसळतात. २००८चा बीबीसीचा 'आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू' पुरस्कार त्याला मिळाला. तो चाहत्यांच्या मतांवर ठरायचा. त्याच वर्षी आफ्रिकन महासंघाचा मुख्य पुरस्कार टोगोच्या अदेबायोरला गेला आणि अबू त्रेका दुसरा आला. महासंघाचा 'आफ्रिकेतच खेळणारा सर्वोत्तम' हा वेगळा पुरस्कार त्याने चार वेळा घेतला: २००६, २००८, २०१२, २०१३. देशासाठी १०० सामने आणि ३८ गोल. क्लबाच्या गोलांचे आकडे हलतात, कारण कोणी फक्त लीग मोजतं, कोणी कप आणि आफ्रिकन स्पर्धा धरतं, कोणी तरसानाची वर्षंच विसरतं.

१५. नव्याने बघायला सुरुवात करायची आहे. कुठला सामना आधी?

गोलांचे तुकडे जोडलेले व्हिडिओ आधी नकोत. त्यांत पास कापलेले असतात आणि प्रश्न ३मधलं काहीच दिसत नाही. जून २००९चा इजिप्त-ब्राझील सामना पूर्ण बघा. ओळखीचे ब्राझिलियन चेहरे समोर असल्याने वेग आणि दर्जा लगेच मापता येतो. मग अक्राची अंतिम फेरी, निदान ७०व्या मिनिटापासून. रादेसचा सामना शेवटी ठेवा आणि तो अरबी समालोचनासह बघा, भाषा कळत नसली तरी. ०-०वर चाललेली नव्वद मिनिटं कंटाळवाणी वाटतील, पण पुढे ढकलू नका. दोह्यात असाल तर बीइनच्या अरबी वाहिनीवर मोठ्या सामन्यांच्या आधी आणि मध्यंतरात तो विश्लेषक म्हणून दिसतो. इंग्रजी वाहिनी लावून 'दिसला नाही' असं कळवणारे बरेच असतात, म्हणून वाहिनी तपासून घ्या.